पोतनिसांची ढाल

गोपाळराव पोतनिसांना दुसऱ्याच्या भानगडीत पडायची सवय मुळीच नव्हती. ती भानगड काय आहे एवढं फक्त कळलं पाहिजे, इतकंच त्यांचं म्हणणं. आता यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा. जो माणूस बत्तीस वर्षं रेल्वेत स्टेशनमास्तर होता, त्यानं गाडी कुठून आली, का थांबली आणि तिच्यात काय भरलंय हे विचारायचं नाही तर कोणी विचारायचं? रिटायर होऊन उज्जैनला फ्रीगंजातल्या घरी बसल्यावर गाड्या सुटल्या, विचारणं राहिलं. समोरच्या घरी कपाट उतरलं तरी गोपाळराव चप्पल घालून ते कोणत्या दारातून आत जातंय हे पाहून यायचे.

अशा माणसाच्या घरात, बंद दाराआडून, रोज संध्याकाळी सात वाजता सुनेचा आवाज यायचा. "मार! मार त्याला! अमोल, हलू नकोस गाढवा, जळलास तरी चालेल! दुर्गा, पीछे से घुस! छोड़ना मत!"

आणि ही कोण, तर निहारिका. भोपाळच्या मराठी घरातली, कंपनीचं काम घरूनच करणारी, लग्न होऊन आठ महिने झालेली. या आठ महिन्यांत ती सासऱ्यांशी एकूण तीन वाक्यं बोलली होती: "हो बाबा", "नाही बाबा" आणि "घ्या ना बाबा". आवाज इतका हळू, की गोपाळराव तिच्या ओठांकडे पाहून अंदाजानं कप पुढे करायचे. ती ही मुलगी दार लावल्यावर कोणाला तरी जाळायला निघते, हे ऐकून त्यांना राग आला नाही. त्यांना खरोखर, अगदी पोटापासून, उत्सुकता वाटली.

पेपर हातात धरून ते रोज सातला पॅसेजमध्ये फिरायला लागले. पहिल्या दिवशी पेपर उलटा होता, हे त्यांच्या बायकोनं, शैलाताईंनी दाखवून दिलं.

"अहो, लाज आहे का? सुनेच्या दाराशी?"

"मी बातम्या वाचतोय."

"कालचा आहे तो पेपर."

तसा विषय तिथेच संपला असता. पण त्याच आठवड्यात अपूर्व, म्हणजे त्यांचा मुलगा, गॅलरीत फोनवर बोलताना ऐकू आला. "हाँ भिया, टू बीएचके ही चाहिए. शनिवार को आके देख लूँगा." अपूर्वची नोकरी इंदूरला, रोजचं अपडाऊन. म्हणजे मुलगा-सून इंदूरला चालले! मुलगी घरात आली, आठ महिने राहिली, आता जाईल, आणि आपल्याला ती कोण आहे हेसुद्धा कळलेलं नाही. आपलं काय चुकलं? एकदा तरी नीट बोललो असतो तिच्याशी, असं गोपाळरावांना फार वाटलं.

मग सरळ विचारायचं ना! पण पोतनिसांकडे सरळ विचारायची पद्धत नव्हती. गोपाळराव शैलाताईंना सांगायचे, शैलाताई अपूर्वला, अपूर्व निहारिकाला, आणि उत्तर त्याच मार्गानं उलटं यायचं. दुधाची पिशवी एक की दोन, हे ठरायला कधी कधी दूधवाला गल्लीच्या टोकाला पोचलेला असायचा.

शेजारचे सुधाकर हे बँकेतून रिटायर झालेले आणि म्हणून प्रत्येक विषयातले जाणकार. भिंतीवरून त्यांचा सल्ला आला. "सट्टा आहे, गोपाळ. लिहून देतो. अमोल म्हणजे बुकी." त्यांची बायको वासंतीवहिनी म्हणाल्या, "सट्टा कशाला असेल? बरोबर सातला सुरू होतं ना? अंगात येत असेल बिचारीच्या." दोघांनीही आपापला उपाय सांगितला. सुधाकरांचा उपाय नेटची वायर उपटायचा होता आणि वहिनींचा लिंबाचा. गोपाळरावांनी दोघांचेही आभार मानले आणि स्वतःच्या मनाचा निर्णय घेतला. ते शैलाताईंना म्हणाले, "सुनेला विचार, तिचं ते जे काय चाललेलं असतं, त्यात मला बसता येईल का?"

शैलाताईंनी अपूर्वला सांगितलं, "बाबा म्हणतात, ते काय चालतं तिथं, त्यांना बसायचंय." अपूर्व बसमधून उतरला होता, थकलेला होता. त्यानं निहारिकाला सांगितलं, "बाबा बसणार आहेत त्या गेमबद्दल बोलायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी निहारिका डोक्यावर लावायचा तो माईकवाला हेडफोन दोन्ही हातांत धरून गोपाळरावांपुढे उभी राहिली. डोळे भरलेले. "बाबा, मी बंद करते. फक्त आजचा दिवस खेळू द्या, टोळीला सांगायला."

"अगं बंद कशाला? मला घे म्हणतोय मी!"

निहारिकाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. "बाबा, तुम्हाला... खेळात?"

"का? जागा नाही का?"

आणि जागा होती, बरं का! त्यांच्या चौघांच्या टोळीतला एक जण लग्न ठरल्यामुळे गळाला होता. खेळ असा: चौघांनी मिळून भुयारात शिरायचं, राक्षस मारायचे. निहारिका वैद्य, म्हणजे जखमी झालेल्यांना मागून बरं करणारी, आणि टोळीची पुढारीही तीच. दुर्गा तिरंदाज. प्रत्यक्षात तिचं टावर चौकाजवळ ब्लाउज शिवायचं दुकान. अमोल जादूगार, तो एरवी मेडिकल स्टोअरवर बसायचा. चौथा पाहिजे होता ढाल घेऊन सगळ्यात पुढे उभा राहणारा. सगळा मार त्यानं खायचा, बाकीच्यांनी त्याच्या आडून लढायचं. "म्हणजे काम काय, तर उभं राहायचं," गोपाळराव म्हणाले. "ते मी नोकरीभर केलंय."

पण आत शिरायचं म्हणजे आधी नाव नोंदवायला हवं, आणि तिथंच तर खरी मजा. जन्मसालाचं चाक फिरवत छप्पन्न सालापर्यंत मागे जाता जाता अंगठा दुखून आला. मग ओटीपीचे आकडे आले ते अपूर्वच्या फोनवर, आणि अपूर्व इंदूरच्या बसमध्ये झोपलेला. तो उठेपर्यंत आकड्यांची मुदत संपली. 'गोपाळ' हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं. 'गोपाळ५६' पण घेतलेलं! हा दुसरा छप्पन्न सालचा गोपाळ कोण, याचा विचार करण्यात एक दुपार गेली. शेवटी मशीननं नऊ चित्रं दाखवली आणि विचारलं, तुम्ही माणूस आहात ना, मग यातले सिग्नल ओळखा. गोपाळरावांनी चष्मा पुसला. नीट पाहून त्यांनी एकच चित्र निवडलं, रेल्वेच्या सिग्नलचं. बाकीचे नुसते चौकातले दिवे होते. त्याला कोणी सिग्नल म्हणतं का? मशीननं नापास केलं. तीनदा. शेवटी निहारिकाने बोट पुढे करून पटापट चार चौकोन दाबले आणि मशीन खूश झालं. गोपाळराव त्या दिवशी नीट जेवले नाहीत. ज्या माणसानं बत्तीस वर्षं सिग्नल दिले, त्याला सिग्नल ओळखता येत नाहीत असं एक यंत्र म्हणतं, म्हणजे काय!

पहिल्या दिवशी सात वाजता सून खुर्चीत, सासरे पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन, कानांवर हेडफोन. "नमस्ते अंकल," दुर्गा म्हणाली. "आप तो बस अड़ के खड़े हो जाना." अमोल म्हणाला, "काका, काही लागलं तर सांगा."

भुयार मोठं सुंदर होतं हो! भिंतीवर चित्रं काय, पाणी काय, जागोजागी पाट्या काय. गोपाळराव प्रत्येक पाटीपुढे थांबून वाचायला लागले. मागे तिघं जण हत्यारं उपसून उभे. "सूनबाई, हे बघ, इथं लिहिलंय की ही विहीर एका राजानं बांधली. कोणत्या राजानं ते नाही लिहिलेलं. असं कसं चालेल?" मग एक दार दिसलं. बंद दार दिसलं आणि गोपाळराव पुढे गेले नाहीत, असं झालंय का कधी?

निहारिका माईकमध्ये म्हणाली, "बाबा, हरकत नसेल तर... म्हणजे तुम्हाला पाहायचं असेल तर पाहा... पण त्या दाराला जर शक्यतो हात नाही लावला तर..."

दाराआड चाळीस सांगाडे होते. ते सगळे बाहेर आले. बारा सेकंदांत टोळी आडवी.

"पण होते किती व्यवस्थित ओळीत!" गोपाळराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की या टोळीत शिस्त नाही. रेल्वेत एका स्टेशननं दुसऱ्याला निरोप दिला की दुसऱ्यानं तो शब्द न शब्द परत म्हणायचा आणि खूण म्हणून गुपित नंबर सांगायचा, तेव्हाच गाडी सुटायची. त्यांच्या काळात म्हणून एकही घोटाळा झाला नाही. तेव्हा इथेही तसंच. प्रत्येकाला त्यांनी एक कागद भरून नंबर पाठवले. निहारिका काय बोलणार? "हो बाबा."

मग लढाईत असं ऐकू यायला लागलं: "अमोल, डावीकडून आग टाक." "निहारिका म्हणते, अमोलनं डावीकडून आग टाकावी, समजलं, गुपित नंबर सत्तेचा..." सत्तेचाळीस पुरा व्हायच्या आत कोळी येऊन अमोलला गिळून गेला. दुर्गानं नंबराचा कागद कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या अस्तराच्या कापडाबरोबर कापून टाकला. तिनं तसं सांगितलं तेव्हा गोपाळरावांनी लेखी खुलासा मागितला. तो अजून आलेला नाही.

पण खरा घोळ झाला तो एका शब्दानं. आणि हा घोळ, खरं सांगतो, पुण्यात झाला नसता, बनारसमध्येही झाला नसता. तो उज्जैनच्या मराठी माणसांच्या घरातच व्हायचा होता. निहारिकाच्या वैद्याकडे मंत्राची एक निळी पट्टी होती. ती संपली की तिला कोणाला बरं करता येत नसे. तिसऱ्या दिवशी भर लढाईत ती पट्टी संपली आणि ती ओरडली, "खाली! बाबा, मी खाली!"

गोपाळराव समोरच्या राक्षसाला ढालीनं थोपवून उभे होते. ते दचकले. सून खाली पडली! त्या राजाच्या विहिरीत! एका क्षणाचाही विचार न करता "आलो, सूनबाई!" असं म्हणून त्यांनी ढालीसकट विहिरीत उडी घेतली. वर राक्षसाला मोकळं रान मिळालं. त्यानं दुर्गा आणि अमोलला सवडीनं खाल्लं.

"अंकल, आप कुएँ में कूदे क्यों?" दुर्गाचा आवाज रडवेला.

"ती खाली आहे म्हणाली!"

"हाँ तो खाली थी ना!"

"विहिरीत नव्हती! मी सगळी विहीर पाहिली!"

या 'खाली'वर घरात तीन दिवस वाद चालला. शैलाताई म्हणाल्या, खाली म्हणजे खाली, खाली बस म्हणतो आपण. अपूर्व म्हणाला, आई, तूच काल म्हणालीस की डबा खाली झाला. सुधाकर भिंतीवरून म्हणाले, शुद्ध मराठीत 'रिकामा' म्हणतात, पण असं शुद्ध बोलायला गेलं तर फ्रीगंजात भाजी मिळणार नाही. पोतनिसांचे पूर्वज दरबारात खजिन्याच्या लिखापढीला होते आणि अडीचशे वर्षं माळव्यात राहून घराण्याला एका शब्दाचा अर्थ ठरवता येत नव्हता. शेवटी टोळीनं हात वर करून 'खाली' शब्दावर बंदी घातली.

एक गोष्ट मात्र झाली होती. त्या तीन दिवसांत निहारिका जेवताना बोलली. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी विहिरीत उडी मारलीत?" असं म्हणाली आणि हसली. तिला हसताना डाव्या गालावर खळी पडते, ही माहिती गोपाळरावांना आठ महिन्यांनी मिळाली. मग आणखी एक शनिवार आला, अपूर्व परत फ्लॅट पाहायला इंदूरला गेला, आणि गोपाळराव गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागले. विचारायचं तर होतं, पण कसं? शैलाताईंमार्फत विचारलं तर तो प्रश्न तिच्यापर्यंत पोचेल तेव्हा कदाचित "बाबा म्हणतात कधी जाताय?" असा होऊन पोचेल.

त्याच संध्याकाळी दुर्गानं निकाल दिला. "उद्या रविवार. उद्या दगडी रेडा नाही मरला तर मी दूसरी टोळीत जाते." तिचं मराठी असंच होतं, गिऱ्हाइकांकडून शिकलेलं. "और सुनो, गलती अंकल की नहीं है. निहारिका, गलती तेरी है. मुझको, अमोल को तू गधा बोलती है, हम तुरंत हट जाते हैं. अंकल को तू आवेदन भेजती है! 'विनंती है कि आप जरा पीछे...' तब तक तो तेरहवीं हो जाती है!"

खरंच होतं ते.

"सूनबाई," गोपाळराव म्हणाले, "उद्या मला अहो-जाहो करू नकोस. अरे म्हण."

"नाही जमणार, बाबा."

"का?"

"आई ऐकतील."

रविवार उजाडला. टावर चौकातून गरम पोहे-जलेबी आणायचं काम अपूर्वनं केलं. वासंतीवहिनी वाटी परत करायला आल्या आणि बसल्या. खोलीचं दार, वारा येत नाही म्हणून, उघडं होतं. हे लक्षात ठेवा.

दगडी रेडा म्हणजे या भुयाराचा मालक. त्याच्यापुढे ढाल धरून उभं राहायचं, पण त्यानं पुढचा पाय उचलला की ढालवाल्यानं ताबडतोब चार पावलं मागे यायचं. नाही आला तर तो पाय ढालीवर पडतो आणि सगळे संपतात. दहाला सुरू झालं आणि काय सांगू, छान चाललं होतं! गोपाळराव खांबासारखे उभे. दुर्गाचे बाण, अमोलची आग, रेड्याचा जीव निम्म्यावर, मग पावावर. आणि नेमकं तेव्हा गोपाळरावांना दिसलं की रेड्याच्या गळ्यात घंटा आहे. घंटेवर काहीतरी लिहिलेलं आहे!

ते पुढे झाले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "श्री... श्रीम... अरे, हे त्या विहिरीवाल्या राजाचंच नाव दिसतंय..."

रेड्यानं पाय उचलला.

"बाबा," निहारिका म्हणाली. "बाबा, तुम्ही जरा..." आणि मग त्या मुलीच्या आत काय तुटलं देव जाणे. ती खुर्चीतून उठली, हेडफोनची वायर ताणली गेली, आणि भोपाळपासून दाबून ठेवलेला आवाज फ्रीगंजभर गेला:

"ए गोपाळ! मागे हो! मागे हो म्हणते ना, बहिरा आहेस का? हो मागे, मूर्खा!"

गोपाळराव मागे झाले. चार नाही, सहा पावलं. पाय रिकाम्या जमिनीवर आपटला, रेडा वाकला, दुर्गानं बाण सोडला, आणि तो डोंगराएवढा प्राणी गुडघ्यांवर येऊन आडवा झाला. हेडफोनमधून दुर्गा आणि अमोलच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. "मर गया! मर गया रे!"

आणि घरात? बाहेरच्या खोलीत वासंतीवहिनींचा पोह्यांचा चमचा तोंडापाशी थांबलेला. अपूर्व दारात. शैलाताई स्वयंपाकघरातून झारा घेऊन आलेल्या. निहारिका दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. "बाबा, चुकले मी. मला माफ करा. मी... मी तुम्हाला मूर्ख..."

"निहारिका," गोपाळराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते आणि जन्मात कधी झाला नव्हता एवढा त्यांना आनंद झाला होता. हा आनंद जायच्या आत जे विचारायचं ते विचारून घ्यावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. "एका शब्दात सांग. इंदूरला जायचंय तुला?"

"नाही," ती म्हणाली. तोंडावरचे हात काढून म्हणाली. "मला वाटलं तुम्हालाच आम्ही इथे नको आहोत. अडचण होते ना. मी अर्धा दिवस पलंगावर बसून काम करते, मीटिंग असली की आई कुकर लावायच्या थांबतात."

"अडचण?" शैलाताई म्हणाल्या. "मी अपूर्वला म्हटलं, तिला इंदूरला बरं पडेल का विचार!"

"आई, तू म्हणालीस, तिला इंदूरला बरं पडेल!" अपूर्व म्हणाला. "मग मी दर शनिवारी फ्लॅट कोणासाठी पाहतोय?"

अपूर्वनं जलेबीचा तुकडा उचलला आणि तो हातात धरूनच तिथे बसला. निहारिका रडत होती आणि हसत होती. खळी दिसत होती.

शैलाताईंनी झारा टेबलावर ठेवला. त्या या घरातल्या सगळ्या निरोपांच्या वाहक. बेचाळीस वर्षं इकडचं तिकडे नेता नेता यांतला एकही निरोप त्यांचा स्वतःचा नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. घरात मागच्या बाजूला एक खोली होती. तिच्यात छतापर्यंत गोपाळरावांची जुनी वेळापत्रकं, हिरवे-लाल कंदील आणि मोडक्या घड्याळांची पोती रचलेली होती, आणि तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती. शैलाताईंनी पदर खोचला. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर जे नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं, ते त्यांनी वासंतीवहिनींच्या देखत घेतलं.

"ए गोपाळ," त्या म्हणाल्या. "मागची खोली रिकामी कर. पोरीला बसायला जागा पाहिजे."

गोपाळरावांनी आ वासला. मग ते लॅपटॉप बाजूला ठेवून उठले.

"आत्ता?" त्यांनी विचारलं.

"आत्ता," शैलाताई म्हणाल्या.